शिंग कधी फुंकायचं: ठाण्यातल्या एका गटाचं प्रकरण

"मॅडम, मला गट बदलून मिळेल का?"

गणपतीची सुट्टी संपून कॉलेज नुकतंच सुरू झालं होतं. मुंब्र्याहून येणारी एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात उभी होती, हातात छापून काढलेली पंधरा-वीस पानं. कारण विचारलं तर तिने पहिलंच पान पुढे केलं. 'रोलांचं गीत' या जुन्या फ्रेंच वीरकाव्याचं ते इंग्रजी भाषांतर होतं. पहिल्याच कडव्यात सारागोसाचा राजा मार्सिल येतो. हा देवाला मानत नाही, मुहम्मदाची चाकरी करतो आणि अपोलोचा धावा करतो, असं कवी सांगतो. पुढे तर्वागान नावाचा आणखी एक देव जोडला जातो, तिघांच्या मूर्ती असतात, आणि लढाई हरल्यावर मार्सिलचेच लोक त्या मूर्ती पायाखाली तुडवतात.

"आम्ही मूर्ती पूजत नाही, मॅडम. ज्याला एवढंही माहीत नाही, त्याच्या काव्यावर मी काय लिहू?"

आवाज चढलेला नव्हता. मी तिला दोन दिवस मागितले. त्या दोन दिवसांत मी काय ठरवलं आणि पुढच्या तीन महिन्यांत त्या चौघांनी काय केलं, ते इथे सविस्तर मांडते. साहित्य शिकवणाऱ्यांना असा प्रसंग कधी ना कधी येतोच.

आधीचं थोडं सांगायला हवं. ठाण्यातल्या एका महाविद्यालयात मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला साहित्य शिकवते. अंतर्गत गुणांसाठी प्रत्येक गटाला एक प्रकल्प असतो. या चौघांचा विषय होता मध्ययुगीन वीरकाव्यातला नायक. काव्यं मीच निवडून दिली होती: जुन्या इंग्रजीतलं 'बेओवुल्फ', फ्रेंच 'रोलांचं गीत' आणि तुळशीदास शाहिराच्या नावावर असलेला तानाजी मालुसऱ्यांचा पोवाडा. गटात मुंब्र्याची ही मुलगी, कळव्याची एक चित्रं काढणारी मुलगी, कोपरखैरण्याचा एक मुलगा आणि चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा. कोपरखैरण्याच्या मुलाचे वडील वाशीच्या बाजारात माथाडी कामगार, गाव साताऱ्याकडे जावळीत. पोवाड्याचं काम त्याने हट्टाने मागून घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये त्यांनी पहिला मसुदा दिला होता. त्यात एक तक्ता होता. डावीकडे गुण: शौर्य, निष्ठा, त्याग, स्वाभिमान. वर तीन नायकांची नावं आणि सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा. नावं अदलाबदल केली असती तरी तक्त्यात काही बिघडलं नसतं. गाइडमधून उचललेलं एक वाक्यही होतं, की तिन्ही नायक धीरोदात्त आहेत. मला राग आला, पण मी दिलेला प्रश्न पुन्हा वाचला तेव्हा कळलं की दोष त्यातच होता. 'नायकाचे गुण लिहा' असं विचारलं की मुलं गुणांची यादी देणार. यादीसाठी काव्य वाचावंच लागत नाही. तो मसुदा मी परत केला, पण त्याच्या जागी काय करायचं हे मलाही नीट सुचलेलं नव्हतं. अशा अवस्थेत ही मुलगी दारात आली.

माझ्यासमोर दोन सोपे रस्ते होते. गट बदलून द्यायचा, किंवा रोलां काढून दुसरं काव्य घ्यायचं. दोन्हींत तिचा प्रश्न गिळला गेला असता. आणि तिसऱ्या रस्त्यात एक धोका होता, त्यावर मी सर्वांत जास्त विचार केला. तिचाच प्रश्न प्रकल्पाच्या मध्यभागी आणला, तर वर्गातल्या एकट्या मुसलमान मुलीवर आपल्या धर्माच्या वतीने बोलायचं ओझं पडतं. तिने ते मागितलं नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी चौघांनाही एकच काम दिलं: आपापल्या काव्यातला शत्रू शोधा, त्याचं वर्णन उतरवून काढा, आणि तो खरोखर कोण होता ते जमेल तितकं तपासा. नायकाबद्दल पंधरा दिवस एक अक्षर लिहायचं नाही.

तिला मी एवढंच सांगितलं, की हवं असेल तर ती गट बदलू शकते, गुणांना धक्का लागणार नाही. ती थांबली.

पंधरा दिवसांनी ती जे घेऊन आली, ते ऐकताना बाकीच्या तिघांनी वह्या मिटल्या होत्या. काव्यातल्या लढाईमागची खरी घटना अशी: फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या सैन्याच्या पिछाडीवर पिरेनीज पर्वताच्या खिंडीत हल्ला झाला तो 15 ऑगस्ट 778 रोजी. ही तारीख ऐकून वर्गात चुळबूळ झाली, ते साहजिकच होतं. शार्लमेनचं चरित्र लिहिणारा आइनहार्ड हा जवळच्या काळातला माणूस. तो स्पष्ट लिहितो की हल्ला बास्क लोकांनी केला. मारल्या गेलेल्यांत तो तीन नावं देतो, आणि तिसरं आहे रोलां, ब्रिटनीच्या सीमेचा अधिकारी. एवढंच. एका ओळीत मावणारं नाव. त्यावर तीनशे वर्षांनी चार हजार ओळींचं काव्य उभं राहिलं.

पुढचं तिने आणखी शोधलं होतं. शार्लमेन स्पेनमध्ये गेला तो मुळात मुसलमान सरदाराच्या बोलावण्यावरून. बार्सिलोनाचा सुलेमान कॉर्दोबाचा अमीर अब्दुर्रहमान याच्याविरुद्ध मदत मागायला 777 मध्ये त्याच्या दरबारी गेला होता. मोहीम फसली, सारागोसाने दरवाजे उघडले नाहीत. परतताना शार्लमेनने बास्क मुलखातल्या पाम्पलोना शहराचा तट पाडला, आणि त्यानंतर खिंडीत घात झाला.

"म्हणजे मॅडम, ज्यांचा तट पाडला त्यांनी सूड घेतला. आणि काव्यात त्यांच्या जागी आम्ही आलो."

कवीने असं का केलं असेल, यावर आम्ही बराच वेळ बोललो. काव्य रचलं गेलं तो काळ पहिल्या धर्मयुद्धाच्या, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती मुसलमानांवर चालून गेले त्या मोहिमेच्या, आगेमागचा. त्या काळच्या श्रोत्याला डोंगरातल्या बास्कांपेक्षा दुसराच शत्रू ऐकायचा होता. आणि त्या शत्रूविषयी कवीला काही माहीत नव्हतं. त्याने आपल्याच ख्रिस्ती त्रिमूर्तीची (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) उलटी प्रतिमा काढली आणि समोरच्याच्या देवघरात बसवली. हे ती स्वतः म्हणाली, मी फक्त शब्द सुचवले.

मग इतरांची पाळी. कळव्याच्या मुलीकडे 'बेओवुल्फ' होतं, 3182 ओळींचं. 1731 च्या आगीत त्याच्या एकमेव हस्तलिखिताच्या कडा जळाल्या, हे तिला इतकं लागलं होतं की तिने त्या करपलेल्या पानाचं चित्र काढून आणलं. तिचा शत्रू ग्रेंडेल हा दलदलीतला राक्षस. बारा वर्षं राजा ह्रोथगारच्या सभागृहात शिरून माणसं खाणारा, एकाच रात्री तीस जणांना उचलून नेणारा. पण तिचं लक्ष त्याच्या आईकडे गेलं. बेओवुल्फ ग्रेंडेलचा हात खांद्यापासून उपटतो. दुसऱ्या रात्री त्याची आई येते, एकाच माणसाला मारते आणि मुलाचा हात परत घेऊन जाते. तिला काव्यात नाव नाही. "माणसांत आपल्या माणसाचा सूड घेतला तर ते कर्तव्य, आणि हिने घेतला तर ती राक्षसीण," असं कळव्याची मुलगी म्हणाली. काव्यातच रक्ताचा बदला घेण्याच्या रीतीच्या इतक्या कथा आहेत की तिचं म्हणणं खोडता येत नव्हतं.

कोपरखैरण्याचा मुलगा मात्र गप्प होता. त्याच्या वाट्याला उदयभान राठोड आला होता, मोगलांचा राजपूत किल्लेदार. पोवाड्यात तो ज्या रूपात येतो ते वाचून हा चक्रावला होता. तिथे त्याच्या आहाराचं वर्णन राक्षसाच्या ताटासारखं आहे, बायका अठरा. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, हे ग्रेंडेलसारखंच झालं ना?"

मी हो म्हटलं. मग त्याने दुसरी गोष्ट काढली, ती त्याला जास्त बोचत होती. कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं ते तानाजींच्या मरणानंतर, असं तो लहानपणापासून ऐकत आला होता. लढाई 4 फेब्रुवारी 1670 ची. पण सिंहगड हे नाव त्याआधीच्या पत्रांतही येतं. आपल्या घरातलं काहीतरी कोणी उचलून नेलं असावं, असा त्याचा चेहरा होता. अशा वेळी शिक्षकाने घाई करू नये असं माझं ठाम मत आहे. इतिहास एका बाजूला आणि पोवाडा दुसऱ्या बाजूला ठेवून 'हे खरं, ते खोटं' असं सांगून मोकळं होणं फार सोपं. मी त्याला त्या पोवाड्याची एक गोष्ट सांगितली. तो पोवाडा छापून आपल्यापर्यंत पोहोचला तो ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी 1891 मध्ये काढलेल्या संग्रहातून. ॲक्वर्थ म्हणजे मुंबई पालिकेचा तेव्हाचा आयुक्त, वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्याचं नाव आहे तोच. गावोगाव गाणाऱ्यांच्या तोंडी जे होतं ते त्यात उतरलं. इतकी वर्षं लोकांनी ते कागदाशिवाय सांभाळलं. नाव आधी पडलं की नंतर, याने त्या सांभाळण्याला काही कमीपणा येतो का, हे मी त्यालाच ठरवायला सांगितलं. त्या दिवशी तो काही बोलला नाही.

दुसरं काम मी नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिलं: वीराला अडवणारं माणूस शोधा.

रोलांमध्ये ते समोरच उभं आहे. शत्रूचं अफाट सैन्य दिसताच ऑलिव्हिए मित्राला म्हणतो, हस्तिदंती शिंग फुंक, शार्लमेन परत येईल. तीनदा म्हणतो. तीनदा रोलां नाही म्हणतो: माझ्या घराण्याला बट्टा लागेल, फ्रान्सची नाचक्की होईल. वीस हजारांची पिछाडी कापली जाते. शेवटी मोजके उरल्यावर रोलांच शिंग हातात घेतो, तेव्हा ऑलिव्हिए चिडून म्हणतो, आता नको, आता ती लाज आहे. भांडण आर्चबिशप टर्पिन सोडवतो: जीव वाचणार नाहीत, पण आपली प्रेतं लांडग्या-कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून तरी फुंक. रोलां इतक्या जोराने फुंकतो की त्याच्या कानशिलाची शीर फुटते.

'बेओवुल्फ'मध्ये अडवणारा मागाहून कळतो. पन्नास वर्षं राज्य केलेला म्हातारा राजा अग्निसर्पाशी एकटा लढायला जातो. सोबतचे दहा जण रानात पळतात, तरुण विग्लाफ तेवढा धावतो. राजा मेल्यावर तो म्हणतो, आमच्या लाडक्या धन्याला आम्ही समजावलं होतं, त्या सापाच्या वाटेला जाऊ नका, पण ऐकलं नाही. आणि एकाच्या हट्टापायी अनेकांना भोगावं लागतं, हेही त्याच्याच तोंडी आहे. राजाशिवाय त्याचा मुलूख उघडा पडतो.

पोवाड्यात अडवणारं कोण? इथे कोपरखैरण्याचा मुलगा एक आठवडा अडकला. शिवाजीराजे अडवत नाहीत. शेलारमामा ऐंशी वर्षांचे, तेही सोबत निघतात. मग एका दुपारी तो वर्ग सुटल्यावर थांबला आणि म्हणाला, "मॅडम, अडवणारं माणूस नाहीच. लग्न आहे." रायबाचं लग्न. अंगाला हळद लागायची, तर बाप गडावर निघाला. आणि दुसरी अडवणारी घोरपड: कड्याला न चिकटता ती मागे फिरते, अपशकुन होतो, आणि तानाजी तिला दम भरून पुन्हा चढवतो. "ऑलिव्हिएशी वाद घालता येतो. लग्नाशी वाद कसा घालणार? ते मागेच ठेवावं लागतं."

इतक्या वर्षांत हा पोवाडा मी किती वेळा शिकवला असेन. हे मला कधी दिसलं नव्हतं.

त्यानेच पुढे आणखी एक जोड दाखवली. तानाजी पडल्यावर मावळे माघारी फिरू लागतात, तेव्हा सूर्याजी कड्याचे दोर कापतो, अशी आपल्याकडची परंपरा. पळालेल्यांना विग्लाफ सगळं संपल्यावर सुनावतो. "तो नुसता बोलला. सूर्याजीने दोर कापला," हे तो अभिमानाने म्हणाला. त्यावर मुंब्र्याच्या मुलीने विचारलं, दोर कापल्यावर जे लढले ते शूर म्हणायचे की अडकलेले? दोघांत कडाक्याचा वाद झाला. पहिल्यांदाच ते एकमेकांशी बोलत होते, माझ्याशी नाही. मी मध्ये पडले नाही. वाद मिटला नाही, आणि अहवालात त्यांनी दोन्ही मतं शेजारी-शेजारी छापली.

चेंदणीच्या मुलाबद्दल मी अजून काही लिहिलेलं नाही, कारण तोवर त्याने फारसं काही केलंच नव्हतं. वाचायचा कंटाळा, हजेरी जेमतेम. त्याच्यासाठी म्हणून मी एका रविवारी चौघांना घोडबंदर रोडच्या बसने बोरिवलीला घेऊन गेले, एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड, बघायला. 1882 च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या दगडांचं वर्णन आहे, कारण तेव्हा बोरिवली ठाणे जिल्ह्यातच होती. आता आजूबाजूला दाट वस्ती आहे, दगडांना शेंदूर-फुलं वाहिलेली असतात. वीरगळ वाचायचा खालून वर: तळाला लढाई, मधल्या पट्ट्यांत अप्सरांनी उचलून नेलेला वीर, वर शिवलिंगाची पूजा. बहुतेक ठिकाणी तळाशी गाईगुरांसाठी किंवा गावासाठी झालेली झटापट दिसते. एकसरला मात्र जहाजं आहेत. वल्ह्यांच्या रांगा, उंच नाळ, वर धनुष्य-ढाली घेतलेली माणसं. काही अभ्यासक या दगडांचा संबंध 1265 च्या सुमारास यादव महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात झालेल्या समुद्री लढाईशी लावतात. त्या लढाईत सोमेश्वर बुडाला. महादेवाच्या क्रोधाच्या आगीपेक्षा त्याला समुद्र बरा वाटला, असं यादवांचा मंत्री हेमाद्री याने लिहून ठेवलंय. जिंकणाऱ्याची लेखणी कशी चालते ते मुलांना एव्हाना समजायला लागलं होतं, त्यामुळे हे वाक्य मला फोडून सांगावं लागलं नाही.

चेंदणीचा मुलगा उकिडवा बसून कितीतरी वेळ सगळ्यात खालचा पट्टा बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, लढणारे उभे आहेत, पण वल्हवणारे बसलेत. त्यांच्या दोन्ही हातांत वल्हं. ढाल कशी धरणार?" तो सांगत गेला: होडी स्थिर ठेवली नाही तर वरच्याचा बाण लागूच शकत नाही, वल्हं सोडलं तर होडी आडवी होते. त्याच्या आजोबांपर्यंत घरात खाडीतली मासेमारी होती. वरच्या पट्ट्यात अप्सरा ज्याला उचलतात तो वीरच आहे, वल्हवणारा तिथे नाही. कळव्याच्या मुलीने तिथेच बसून वल्हवणाऱ्यांची रांग वहीत उतरवली, मोठी करून, एकेक चेहरा वेगळा. दगडावर चेहरे झिजलेत, ते तिने तिच्या मनाने भरले. अहवालात मी तिला तसं स्पष्ट नोंदवायला लावलं.

सादरीकरणासाठी त्यांनी रोलांमधला एक उतारा मराठीत आणायचं ठरवलं. यात सगळ्यात जास्त वेळ एका ओळीवर गेला, 'रोलां शूर आहे, ऑलिव्हिए शहाणा'. पण मराठीत 'शहाणा' म्हटलं की टोमणा मारल्यासारखं वाटतं. 'समंजस' फार मऊ, 'विवेकी' फार पुस्तकी. कोपरखैरण्याच्या मुलाने 'जाणता' सुचवला आणि लगेच म्हणाला, आपल्याकडे हा शब्द राजासाठीच आहे. रामदासांनी शिवाजीराजांना लिहिलेल्या ओव्यांत यशवंत, कीर्तिवंत अशी विशेषणं येत येत शेवटी 'जाणता राजा' येतं. त्या फ्रेंच कवीने जे दोन माणसांत वाटून दिलं होतं, ते रामदासांनी एकाच माणसाकडून मागितलं. यावर त्यांनी एक पान लिहिलं. अख्ख्या अहवालातलं ते सर्वांत चांगलं पान.

एक अडचण सुटली नाही, तीही नोंदवते. युरोपचं मध्ययुग साधारण 1500 पर्यंत संपतं, मराठीत आपण 1818 पर्यंत मध्ययुगीन म्हणतो. या दोन कालखंडांना एकच नाव असल्यामुळे मुलांनी सुरुवातीला सातशे-आठशे वर्षांचं अंतर सपाट करून टाकलं होतं. तारखांची पट्टी काढायला लावली, तरी तुलना काही ठिकाणी ओढूनताणून झाली. पुढच्या वेळी मी पोवाड्यासोबत वीरगळ पहिल्या दिवसापासूनच ठेवीन. एकसरचे दगड आणि रोलां यांच्यातलं अंतर त्या मानाने बरंच कमी आहे.

तोंडी परीक्षेला दुसऱ्या विभागातल्या एक ज्येष्ठ मॅडम होत्या. सादरीकरणात मुंब्र्याच्या मुलीने ऑलिव्हिएच्या तोंडचा भाग वाचला. जखमी ऑलिव्हिएचं इतकं रक्त गेलेलं असतं की त्याला नीट दिसत नाही, तो न ओळखता रोलांवरच तलवार चालवतो. रोलां हळू आवाजात विचारतो, गड्या, हे मुद्दाम केलंस का? मी रोलां आहे. आणि ऑलिव्हिए म्हणतो, आता तुझा आवाज येतोय मला, पण तू दिसत नाहीस. तिने हे वाचलं तेव्हा मागच्या बाकांवरची कुजबूज थांबली.

मग मॅडमनी चौघांना एकच प्रश्न विचारला: तुमच्या मते नायक कोण?

कळव्याची मुलगी म्हणाली, विग्लाफ, कारण त्याला भीती वाटत होती आणि तरी तो गेला. कोपरखैरण्याचा मुलगा म्हणाला, तानाजी, आणि कारण सांगायला त्याने नकार दिला. मुंब्र्याची मुलगी थोडी थांबून म्हणाली, ऑलिव्हिए. तो बरोबर होता, कोणी ऐकलं नाही, तरी तो मित्राला सोडून गेला नाही.

चेंदणीच्या मुलाने वहीतलं चित्र उघडून टेबलावर ठेवलं आणि वल्हवणाऱ्यांच्या रांगेवर बोट ठेवलं.

"नावं माहीत नाहीत, मॅडम."

"लिहा तसंच," त्या म्हणाल्या, आणि गुणपत्रिका पुढे ओढली.